हिरडी सरकली तर दात काढावा लागतो का? तपासणी आणि शस्त्रक्रिया

समोरचा दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागतो. गार पाणी लागले की कळ जाते. मग ‘दात सुटलाय, काढून टाक’ असा सल्ला घरातूनच मिळतो. खरे तर दात लांब झालेला नसतो. त्याच्या गळ्याशी असलेली हिरडी सरकते आणि मूळ उघडे पडते. दात घट्ट असेल तर केवळ एवढ्यासाठी तो काढायची गरज नसते. मात्र सरकलेली हिरडी औषधाने, पेस्टने किंवा चोळून पुन्हा वाढत नाही. काही जणांत ती शस्त्रक्रियेने पुन्हा झाकता येते.

हिरडी का सरकते?

• मशेरी (मिश्री): तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दात-हिरड्यांवर बोटाने घासतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, ही सवय जुनी आहे. घासण्याने आणि तंबाखूने हिरडीला दुहेरी इजा होते. मूळ उघडे पडून कळ येऊ लागली की आराम पडावा म्हणून मशेरी आणखी वेळ धरली जाते आणि दुखणे वाढत जाते.
• तंबाखूची गोळी: रोज एकाच जागी धरली तर तिथली हिरडी सरकते.
• चुकीचे घासणे: राखुंडी, राख, विटेची पूड, किंवा कडक ब्रश आडवा जोराने फिरवणे.
• कीटण: दाताला चिकटलेल्या कीटणामुळे हिरडी सुजते, रक्त येते आणि हळूहळू आतले हाड झिजते.
• दाताची ठेवण: दात बाहेर झुकलेला असेल तर त्यावरचे हाड आणि हिरडी पातळ असते. काहींत ओठाला हिरडीशी जोडणारी बारीक दोरी हिरडीला सतत ओढत राहते.

तपासणीत काय पाहतात?

दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई वापरतात. दाताचा पांढरा भाग संपून मूळ सुरू होते तिथपासून हिरडीच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे हिरडी किती सरकली ते माप. दात आणि हिरडी यांच्यातील फटीची खोलीही मोजतात. निरोगी हिरडीत ती साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल फट असेल आणि रक्त येत असेल तर आत आजार आहे.

यासोबत हिरडीची जाडी, घट्ट गुलाबी हिरडीची पट्टी किती उरली आहे, ओठ ओढल्यावर हिरडीची कड हलते का आणि दात हलतो का, हे पाहतात. एक्स-रेमध्ये दोन दातांमधल्या हाडाची उंची कळते.

शस्त्रक्रियेने मूळ किती झाकले जाईल, ते मुख्यतः या हाडावर आणि दातांमधल्या आधारावर ठरते. इटलीतील हिरडीतज्ज्ञ फ्रान्सेस्को कैरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेले तीन गट आज सर्वत्र वापरतात:

• पहिला: दातांमधला आधार शाबूत आहे. मूळ पूर्ण झाकण्याची शक्यता चांगली.
• दुसरा: दातांमधला आधार काहीसा गेला आहे, पण पुढच्या बाजूपेक्षा जास्त नाही. बहुधा काही भागच झाकला जातो.
• तिसरा: दातांमधला आधार पुढच्या बाजूपेक्षाही जास्त गेला आहे. पूर्ण झाकण्याची अपेक्षा ठेवू नये.

आपला दात कोणत्या गटात आहे, हे शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी जरूर विचारा.

शस्त्रक्रिया सगळ्यांनाच लागते का?

नाही. हिरडी थोडीच सरकली असेल, त्रास नसेल आणि सरकणे थांबले असेल, तर मऊ ब्रश, कीटण काढणे आणि दर सहा महिन्यांनी माप घेणे पुरते. कळ येत असेल तर त्यासाठीची पेस्ट किंवा फ्लोराइडचा लेप उपयोगी पडतो. सरकणे वाढतच असेल, कळ थांबत नसेल, घट्ट हिरडी उरली नसल्याने ब्रश लावता येत नसेल किंवा दिसण्याची अडचण वाटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

त्याआधी कारण बंद व्हायला हवे. मशेरी, तंबाखू, बिडी चालूच राहिली तर जखम नीट भरत नाही आणि झाकलेले मूळ पुन्हा उघडे पडू शकते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत फोनसेवा आहे. मधुमेह आटोक्यात हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ती स्वतःहून बंद करू नका.

शस्त्रक्रियेचे प्रकार

या शस्त्रक्रिया तोंडातल्या तोंडात भूल देऊन होतात. रुग्ण जागा असतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

१. हिरडी ओढून घेणे: शेजारची हिरडी मोकळी करून मुळावर ओढतात आणि टाके घालतात. हिरडी पुरेशी जाड असेल तर हे पुरते.

२. टाळूचे कलम आत ठेवणे: टाळूच्या आतल्या थरातून लहानसा तुकडा काढून मुळावर ठेवतात आणि त्यावर हिरडी ओढून घेतात. हिरडी जाड होते. मूळ झाकण्यासाठी ही सर्वांत भरवशाची पद्धत मानली जाते.

३. टाळूच्या वरच्या थराचे कलम: खालच्या पुढच्या दातांपाशी घट्ट हिरडीच नसेल तर टाळूवरचा पातळ तुकडा तिथे शिवतात. याचा रंग थोडा वेगळा दिसतो, पण सरकणे थांबवायला चांगला उपयोग होतो.

४. दोरी सोडवणे: ओठाची दोरी हिरडीला ओढत असेल तर ती कापून मोकळी करतात.

शस्त्रक्रियेनंतर

दोन-तीन दिवस सूज आणि दुखणे असते. टाळूची जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. टाके एक-दोन आठवड्यांनी काढतात. तोवर पेज, मऊ भात, वरण असे कोमट खाणे घ्या. भाकरी, तिखट आणि कढत चहा टाळा. ओठ ओढून जखम पाहू नका. त्या जागी डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश लावू नका, दिलेल्या औषधाने चूळ भरा. पहिले काही दिवस ओझे उचलणे आणि वाकून कष्टाचे काम टाळायचे असते. म्हणून भाताची लावणी किंवा कापणी ऐन भरात असताना शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. अंतिम परिणाम काही महिन्यांनी कळतो.

कुठे दाखवावे?

पहिली तपासणी जवळच्या दंतवैद्याकडे करावी. कलमाच्या शस्त्रक्रियेसाठी हिरडीतज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट लागतात. दंत महाविद्यालयांत त्यांचा वेगळा विभाग असतो. किन्हवली परिसरातून शहापूरमार्गे आसनगावला लोकल धरली की मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय गाठता येते. मुरबाडकडच्यांना कल्याणहून लोकल मिळते. आधीचे एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा.

हे दिसल्यास थांबू नका

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, गाठ, किंवा कारण नसताना हलू लागलेला दात. तंबाखू किंवा मशेरी घेणाऱ्यांत ही कर्करोगाची किंवा त्याच्या आधीची खूण असू शकते. अशा वेळी हिरडीच्या शस्त्रक्रियेआधी तिची तपासणी करून घ्यावी.