‘टच ऑफ ईव्हिल’चे प्रारंभदृश्य : कॅमेरातंत्र, ताणनिर्मिती आणि पाठभेदांचा प्रश्न – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

चित्रपट हे विसाव्या शतकाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. मात्र लिखित कागदपत्रांना इतिहासकार जी साधनचिकित्सा लावतो, ती चित्रपटाच्या बाबतीत अभावानेच लावली जाते. ऑर्सन वेल्स दिग्दर्शित ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या अमेरिकन रहस्यपटाचे प्रारंभदृश्य हे याचे बोलके उदाहरण होय. चित्रपटविषयक अध्यापनात सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांच्या या अखंड दृश्याचा उल्लेख हमखास होतो. परंतु आपण नेमके कोणते दृश्य पाहतो आहोत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) प्रारंभदृश्यातील कॅमेरातंत्र व ताणनिर्मिती यांचा परस्परसंबंध तपासणे.
२) १९५८ व १९९८ च्या आवृत्त्यांतील फरकाचा या ताणावर होणारा परिणाम अभ्यासणे.
३) चित्रपट हे साधन म्हणून वापरताना पाठचिकित्सेची आवश्यकता स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक, विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे.

विवेचन :

अ) दृश्याची रचना

दृश्याचा आरंभ होतो तो दोन हातांपासून. हे हात बॉम्बचे घड्याळ लावतात. चेहरा दिसत नाही. तो इसम धावत जाऊन एका उघड्या टपाच्या मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि पसार होतो. एक धनिक व त्याची सोबतीण येऊन मोटारीत बसतात. इथपर्यंत जमिनीलगत असलेला कॅमेरा आता क्रेनच्या साहाय्याने इमारतीच्या छपरावर चढतो, मोटार क्षणभर नजरेआड होते आणि पुन्हा रस्त्यावर दिसू लागते. वाहतूक पोलीस तिला थांबवतो. याच वेळी व्हर्गास हा मेक्सिकन अधिकारी व त्याची अमेरिकन पत्नी सुझन पायी चालत दृश्यात येतात. पुढे शेळ्यांचा कळप रस्ता अडवतो. मोटार आणि दांपत्य कधी एकमेकांजवळ येतात, तर कधी दुरावतात. सीमेवरील चौकीवर दोघेही एकत्र थांबतात. मोटारीतील स्त्री डोक्यात टिकटिक ऐकू येत असल्याची तक्रार करते, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मोटार चौकटीबाहेर जाते, पती-पत्नी चुंबन घेतात आणि स्फोटाचा आवाज होतो. तेव्हाच पहिला छेद येतो व जळणारी मोटार दिसते.

या रचनेत ताण तीन कारणांनी निर्माण होतो. पहिले कारण माहितीचे आहे. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पात्रांना ठाऊक नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या व १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संवादात टेबलाखालील बॉम्बचे उदाहरण देऊन आश्चर्य व उत्कंठा यांतील जो भेद सांगितला, त्याचेच हे दृश्यरूप म्हणता येईल. दुसरे कारण काळाचे आहे. छेद नसल्यामुळे पडद्यावरचा काळ व प्रेक्षकाचा काळ एकच होतो. छेद काळ आकसू किंवा ताणू शकतो. येथे तशी सुटका नाही. तिसरे कारण अंतराचे आहे. कॅमेरा मोटारीला चिकटून राहत नाही. तो तिला सोडतो, पुन्हा गाठतो आणि निरपराध दांपत्याला तिच्या शेजारी आणून ठेवतो. प्रेक्षकाची भीती त्यामुळे मोटारीपुरती मर्यादित राहत नाही.

हिचकॉक यांच्या ‘रोप’ (१९४८) मध्येही दीर्घ दृश्यांचा प्रयोग होता; तथापि तो मुख्यतः बंदिस्त सेटवर झाला. वेल्स व छायाचित्रकार रसेल मेटी यांनी हे दृश्य कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे, खऱ्या रस्त्यांवर व रात्रीच्या वेळी चित्रित केले. व्हेनिसला सीमेवरील गावाचे रूप देण्यात आले होते. अखंड कॅमेरा ज्या सीमारेषेवरून सहज सरकतो, ती पुढे कथेतील न्याय व अधिकार यांच्या संघर्षाचे केंद्र ठरते. हे दृश्य त्यामुळे केवळ तंत्राचे प्रदर्शन राहत नाही.

आ) पाठभेद

चित्रीकरण १९५७ मध्ये झाले. त्यानंतर युनिव्हर्सल या निर्मितीसंस्थेने संकलन आपल्या हाती घेतले आणि काही दृश्ये हॅरी केलर यांच्याकडून नव्याने चित्रित करवून घेतली. संस्थेची प्रत पाहिल्यावर वेल्स यांनी डिसेंबर १९५७ मध्ये ५८ पानांचे टिपण लिहिले. त्यातील बऱ्याच सूचना दुर्लक्षित राहिल्या. १९५८ च्या प्रतीत प्रारंभदृश्यावर श्रेयनामावली झळकते व हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत वाजत राहते. वेल्स यांचे निधन १९८५ मध्ये झाले. पुढे १९९८ मध्ये वॉल्टर मर्च यांनी या टिपणाच्या आधारे चित्रपटाचे पुनर्संकलन केले. त्यात नामावली शेवटी गेली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरील मद्यगृहांतून व मोटारीच्या रेडिओतून येणारे ध्वनी आले.

कॅमेऱ्याची हालचाल दोन्ही प्रतींत तीच आहे. तरीही ताण वेगळा आहे. अक्षरे पडद्याच्या पृष्ठभागावर नजर रोखतात, त्यामुळे गर्दीत मोटार शोधण्याचे काम विस्कळीत होते. सलग संगीत एकच लय लादते. याउलट दुसऱ्या प्रतीत रेडिओचा आवाज जवळ आला की बॉम्ब जवळ आला, हे कानांना कळते. कॅमेऱ्याने निर्माण केलेले अंतर ध्वनीमुळे दृढ होते. अर्थात १९५८ च्या संगीतालाही स्वतःची अस्वस्थ करणारी गती आहे, हे नाकारता येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९८ ची प्रत ‘मूळ’ नव्हे. ती एका दस्तऐवजाच्या आधारे, दिग्दर्शकाच्या पश्चात, इतरांनी केलेली पुनर्रचना आहे. उलट १९५८ ची प्रत दिग्दर्शकाच्या इच्छेविरुद्ध असली, तरी तत्कालीन प्रेक्षकांनी पाहिलेली तीच होती. वेल्स यांचा हेतू अभ्यासायचा असेल तर १९५७ चे टिपण व १९९८ ची प्रत उपयुक्त ठरते. १९५८ मधील प्रेक्षकाचा अनुभव अभ्यासायचा असेल तर तत्कालीन प्रतच प्रमाण मानावी लागते.

निष्कर्ष :

१) माहितीची विषमता, अखंड काळ व बदलते अंतर या तीन घटकांतून या दृश्यातील ताण साकारतो.
२) कॅमेरातंत्राचा परिणाम ध्वनी व श्रेयनामावली यांपासून अलग करून मोजता येत नाही.
३) चित्रपटाचा साधन म्हणून उपयोग करताना प्रतीचा स्पष्ट निर्देश करणे अनिवार्य आहे.

२००८ मध्ये प्रकाशित झालेल्या डीव्हीडी संचात या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या एकत्र उपलब्ध झाल्या. वर्गात दोन प्रतींची पहिली चार मिनिटे लागोपाठ दाखविल्यास साधनचिकित्सा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा अधिक स्पष्टपणे समजेल, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते.