मुंबईची गिरणीनगरी आणि वऱ्हाडांतील कागद

मुंबईच्या इतिहासाचीं साधनें कोठें शोधावीं, असें विचारल्यास बहुतेक अभ्यासक तेथील सरकारी दप्तरांकडे व गॅझेटियरांकडे बोट दाखवितील. गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ सालीं छापलेलें ‘मुंबईचें वर्णन’ही तितकेंच मोलाचें आहे. परंतु गिरण्यांच्या मुंबईचा इतिहास अर्धा बंदरावर व अर्धा कापसाच्या मुलुखांत घडला, आणि या दुसऱ्या अर्ध्याकडे आमच्या संग्राहकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, मुंबईचा उत्कर्ष तिच्या नैसर्गिक बंदरामुळें झाला. परंतु तें बंदर १६६८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आलें तेव्हांही तसेंच खोल व सुरक्षित होतें. मग गिरण्यांचें नगर होण्यास पुढें जवळजवळ दोनशें वर्षें कां लागावीं? माल पुरविणारा मुलूख घाटांपलीकडे होता व सुलभ मार्ग नव्हता, हें त्याचें एक प्रधान कारण होय. १८५३ सालीं दोन गोष्टी घडल्या. १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. आणि पुढच्याच महिन्यांत निजामानें तहान्वयें वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखालीं दिला. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं ताडदेव येथें सूत निघूं लागलें. यांपैकीं एक गोष्ट दुसरीचें कारण नव्हे. पण पुढें त्यांचे धागे एकत्र आले.

१८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकन यादवीनें लँकेशायरचा कापूस अडला आणि मुंबईंत कापसाचे भाव चढले. आलेल्या पैशावर शेअरांचा सट्टा माजला. युद्ध संपतांच पेढ्या बुडाल्या. पैसा गेला तरी लोहमार्गाचें काम चालूच राहिलें. १८६७ सालीं रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, आणि १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं खामगांवची शाखा उघडली. पूर्वीं बैलांच्या पाठीवरून व बंड्यांतून धूळ खात जाणारा कापूस आतां गाठी बांधून थेट बंदरीं उतरूं लागला. लिव्हरपूलच्या बाजारांत त्यास उमरावतीवरून ‘उमरा’ हें नांव पडलें. त्याचा धागा आंखूड. म्हणून जाड्या सुताच्या कामीं तो योग्य ठरे, आणि मुंबईच्या गिरण्यांचें असेंच जाडें सूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या बाजारांत खपत असे.

कापूस देशावरचा, यंत्रें विलायतेचीं, भांडवल मुख्यतः पारशी व भाटिये यांचें, आणि हात रत्नागिरी-साताऱ्याकडील माणसांचे, अशा मिश्रणांतून गिरणगांवचा स्वभाव बनला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची संघटना उभारली व १८९० सालीं त्यांस रविवारची सुटी मिळाली. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होतांच कामगारांनीं सहा दिवस गिरण्या बंद ठेविल्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या संपांत दोन लाखांहून अधिक कामगार उतरले. पुढें बहुतेक गिरण्या कायमच्या मिटल्या. त्यांच्या जमिनींवर आज उंच इमारती व बाजार उभे आहेत. इकडे दर्यापुरावरून जाणारी मूर्तिजापूर-अचलपूर लहान गाडीही थांबली.

अशा वेळीं कागद तरी राखले पाहिजेत. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा पेठांतील अडतदारांच्या रोजकीर्दी व खतावण्या, हुंड्या, रेल्वेच्या बिल्ट्या, भाव कळविणाऱ्या तारा, जिन-प्रेसच्या वजनवह्या हीं या इतिहासाचीं अस्सल साधनें होत. कोणत्या गांवचा कापूस कोणत्या भावानें मुंबईस गेला, आणि भाव पडतां कोण कर्जांत बुडाला, हें सरकारी अहवालांहून या वह्या अधिक नेमकें सांगतील. पेशवाईच्या रुमालास आम्ही जो मान देतों, तो शंभर वर्षांपूर्वींच्या अडतीच्या वहीस देत नाहीं. आणि वाडा विकला गेला कीं ती रद्दींत जाते. कांहीं वह्या मोडींत, तर मारवाडी पेढ्यांच्या महाजनी लिपींत असतात. ती वाचणारे वृद्ध मुनीम दिवसेंदिवस विरळ होत आहेत. संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, वह्यांचीं सुटीं पानें काढूं नयेत, प्रत्येकीवर गांव, पेढी व साल टिपावें, आणि वाचक हयात आहेत तोंवर निदान एकेका पेठेची एक वही वाचवून घ्यावी. इत्यलम्.