कुंडीसकट लावलेलं रोप

मिरचीचं रोप पिशवीतून काढताना मातीचा गोळा फुटला, मुळं उघडी पडली आणि दोन दिवसांत रोपाने मान टाकली, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. यावर हल्ली पीटच्या किंवा काथ्याच्या कुंड्या मिळतात. त्या रोपासकट जमिनीत पुरायच्या. त्या तिथेच कुजतात. नॉर्वेतले 'जिफी पॉट' १९५० च्या दशकातले, म्हणून ही कल्पनाही तेव्हाचीच वाटते. पण याहून जुनी एक पद्धत मेक्सिकोत आहे.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को आहे. तिथे उथळ तळ्यात गाळ आणि पाणवनस्पतींचे थर रचून लांब, अरुंद शेतं तयार केली आणि मधून कालवे ठेवले. या शेतांना चिनाम्पा म्हणतात. ॲझ्टेक राजधानीचं पोट अशाच शेतांवर भरत होतं. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली, तरी ही शेती थांबली नाही.

तिथली रोपवाटिका कशी असते, बघा. शेतकरी कालव्याच्या तळाचा गाळ उपसून शेताच्या कडेला पसरतो. गाळ जरा आळला की सुरीने चौकोन पाडतो, अगदी आपण ताटात वड्या पाडतो तसे. प्रत्येक वडीत एक खळगा, खळग्यात बी. या वडीला 'चापिन' म्हणतात. रोप वाढलं की वडीसकट उचलून लावायचं. मुळं दुखावत नाहीत. शिवाय आधीचं पीक शेतात उभं असतानाच पुढचं कोपऱ्यात तयार होतं, त्यामुळे जमीन रिकामी राहत नाही.

थोडक्यात, इथे कुंडी म्हणजे कालव्याचा गाळच. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोचिमिल्कोच्या झऱ्यांचं पाणी नळांनी राजधानीकडे वळवलं. झरे आटत गेले. आता कालव्यांत मुख्यतः शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. १९८७ मध्ये युनेस्कोने सोचिमिल्कोला जागतिक वारसा ठरवलं, पण त्याने झरे परत आले नाहीत. पाणी बिघडलं की गाळ बिघडतो, आणि गाळाबरोबर रोपवाटिकाही.

पीटचंही असंच आहे. दलदलीत पीट साठतं वर्षाला साधारण एक मिलिमीटर; आपण ते एका हंगामात संपवतो. कुंडी कुजते की नाही, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. ती कशातून काढली आणि ते पुन्हा भरून येतं का, हे मात्र विकत घेताना आपणच विचारायचं.