चाल कोणाची, ठेका कोणाचा?

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना पदाच्या डोक्यावर छापलेला 'चाल' हा शब्द आठवत असेल. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांतले पद कोणत्या मूळ गाण्यावरून बेतले, ते तिथे बिनदिक्कत लिहिलेले असे. उसनवारी होती, पण ती उघड होती.

अमेरिकेतल्या हिप-हॉप संगीताच्या मागे मी लागलो तो अशाच 'चाली'च्या शोधात. या वयात हा नाद कसला, असे घरात म्हणतात, ते असो. या संगीतात शब्द लयीत बोलले जातात, आणि त्यांच्याखाली बहुधा एखाद्या जुन्या तबकडीतला काही सेकंदांचा तुकडा पुनःपुन्हा फिरत राहतो. इथे नुसती चाल उसनी घेतलेली नसते. मूळ वादकाच्या हाताचा तो आघातच उचललेला असतो.

याचा आरंभ साधारणतः ११ ऑगस्ट १९७३ या दिवसापासून मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, मूळचा जमेकाचा कूल हर्क हा तरुण आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवीत होता. गाणे थांबून नुसता ठेका उरतो तेव्हा नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरले होते. पुढे त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तेवढाच ठेका आलटून पालटून लांबवण्याची युक्ती रूढ केली. आणि प्रतिस्पर्ध्यांना पत्ता लागू नये म्हणून तो तबकड्यांवरची नावाची चिठ्ठी पाण्यात भिजवून काढून टाकी! आपल्याकडे चाल छापली जात होती. तिथे ती धुतली जात होती. माझ्यासारख्याचे काम तेव्हापासूनच अवघड झालेले आहे.

या शोधात वाट कुठूनही धरा, एका माणसाच्या दारात हटकून पोहोचायला होते. त्याचे नाव क्लाइड स्टबलफील्ड. जन्म १९४३, गाव टेनेसीतले चॅटनूगा. ड्रम वाजवायला तो कोणाकडे शिकला नाही. कारखान्यांचे धपापणे आणि आगगाडीची खडखड हेच त्याचे गुरू. १९६५ साली तो जेम्स ब्राऊन या विख्यात गायकाच्या ताफ्यात आला. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटी येथे 'फंकी ड्रमर' हे गाणे मुद्रित झाले. त्यात शेवटाकडे ब्राऊन इतरांना थांबवतो आणि ड्रमवाल्याला बजावतो की, कसब दाखवू नकोस, आहे तेच चालू दे. मग वीसेक सेकंद नुसता ठेका. त्यात पायाने उघडझाप होणारी झांज सारखी चिवचिवत असते, आणि मुख्य आघातांच्या मधल्या जागेत लहान ड्रमवर इतक्या हलक्या टिचक्या पडतात की त्या ऐकू येण्यापेक्षा जाणवतात अधिक. चांगला तबलजी ठेका 'भरतो' म्हणजे काय करतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना निराळे सांगायला नको.

१९७० साली ते गाणे निघाले, बऱ्यापैकी खपले आणि मागे पडले. १९८६ साली 'इन द जंगल ग्रूव्ह' या संग्रहात ते पुन्हा आले. सोबत तो ठेका तेवढा कापून जोडलेला जवळजवळ तीन मिनिटांचा तुकडाही आला. योगायोग असा की, पुढच्याच वर्षी 'एसपी-१२००' हे ध्वनी साठवणारे यंत्र बाजारात उतरले. त्याची स्मरणशक्ती जेमतेम दहा सेकंदांची. हुशार मंडळी तबकडी जलद फिरवून तुकडा साठवीत आणि मग यंत्रातच त्याची गती उतरवीत. आमच्या आजीने ओच्यात चार पसा तांदूळ बसवावेत, तसा हा प्रकार.

मग तो ठेका जिकडे तिकडे झाला. पब्लिक एनिमीच्या १९८८ च्या गाजलेल्या संग्रहात तो एकाहून अधिक गाण्यांत आहे. त्याच वर्षीच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये, पोलिसांवरील ज्या गाण्याचे नाव दिवाळी अंकात छापता येणार नाही, त्यातही आहे. एल एल कूल जे याच्या १९९० च्या 'मामा सेड नॉक यू आउट'मध्येही तोच.

१९९१ साली या मुक्तद्वाराला कडी बसली. बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाचा आरंभच बायबलातल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केला. तेव्हापासून आधी परवानगी आणि मोबदला, मग तबकडी, असा शिरस्ता पडला. म्हणजे 'चाल' पुन्हा छापली जाऊ लागली! पण छापतात कोणाचे नाव? गीतकार-संगीतकाराचे आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे. 'फंकी ड्रमर'वर रचनाकार म्हणून एकट्या ब्राऊनचे नाव आहे. ठेका बांधणारा कायद्याच्या हिशेबी रोजंदारीचा माणूस. मला हा न्याय पटत नाही.

संगीतकाराचेही कधी कधी तसेच होते. २००२ साली 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे गाणे अमेरिकेत गाजले. ते कानावर पडताच कोणाही मराठी माणसाने मान वर करावी, कारण त्यात खुद्द लताबाईंचा आवाज आहे. मूळ गाणे 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातले 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचे. लाहिरींचे नाव छापल्याखेरीज तबकडी विकू नये, असा हुकूम २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. पुढे मात्र खटला लाहिरींच्या विरुद्ध गेला. गाण्याचे हक्क चित्रपटाच्या वेळीच त्यांच्या हातून गेले होते.

स्टबलफील्ड १९७१ पासून विस्कॉन्सिनमधील मॅडिसन गावी राहिला. पैशापेक्षा नाव तरी छापायचे होते, असे तो मुलाखतींत सांगे. कर्करोगाच्या उपचाराचे बिल अंगावर आले तेव्हा ते गायक प्रिन्सने गुपचूप भरले. गावातल्या एका क्लबात तो वर्षानुवर्षे सोमवारी रात्री आपला ताफा घेऊन वाजवीत असे. ज्याचा ठेका निम्म्या जगाने ऐकला होता, तो माणूस तिथे चार हातांवर बसलेला सापडे. २०१७ च्या फेब्रुवारीत तो वारला.