शेपटीचे पैसे: घोड्याचा ताण मोजायला माणूस कधी शिकला?

आजची गोष्ट एका विचित्र सौद्यापासून सुरू होते.

पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध. विजयनगरचा राजा साळुव नरसिंह याला घोडदळासाठी घोडे हवे होते. चांगले घोडे यायचे होर्मुझ आणि एडनहून, जहाजातून. पुढे विजयनगरात राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नुनीश लिहितो, की हा राजा घोडा जिवंत असो वा मेलेला, हजार पर्दावांना तीन या भावानं घ्यायचा. समुद्रात मेलेल्या घोड्याची तर नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळायचे!

व्यापारी नुकसानीला घाबरून थांबू नयेत, म्हणून हा सौदा. पण जरा विचार करा. शेपटीलाही तोच भाव असेल, तर जहाजात घोड्याला पाणी मिळतंय का, याची फिकीर कोण करणार? माणूस जे मोजतो, त्याचीच काळजी घेतो.

याच्या दोनेकशे वर्षं आधी मार्को पोलोनं तमिळ किनाऱ्याबद्दल असंच लिहिलंय. तिथले राजे दर वर्षी हजारो घोडे घेत, पण वर्षअखेर त्यातले थोडेच उरत. कारण? हवा वेगळी, खाणं वेगळं, देखभाल कळणारं कुणी नाही. आणि त्याच्या म्हणण्यानुसार व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले, की पुढच्या वर्षी पुन्हा विक्री!

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. 1470च्या आसपास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. इथे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी देतात, अशी नोंद त्यानं केली. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा हिसकावला होता, तो महत्प्रयासानं परत मिळाला, आणि शेवटी बिदरला विकला गेला. एकच घोडा असलेला माणूस त्याच्या खाण्यापिण्याकडे कसा बघतो, ते इथे दिसतं.

आता थेट 1899. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध. ब्रिटिशांनी जगभरातून घोडे आणले. कित्येक आठवडे समुद्रात, उतरल्यावर पुरेशी विश्रांती नाही, लगेच रेल्वेनं आघाडीवर. 1902पर्यंत त्यांच्या बाजूचे तीन लाखांहून जास्त घोडे मेले. गोळ्यांपेक्षा थकवा, उपासमार आणि रोगांनीच जास्त. 1905मध्ये पोर्ट एलिझाबेथला त्यांचं स्मारक झालं: गुडघ्यावर बसून घोड्यासमोर पाण्याची बादली धरणारा सैनिक. मोजणी मात्र अजून मेलेल्यांचीच होती.

जिवंत घोड्याला काय होतंय, हा प्रश्न नंतर आला. 1936मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवलं, की थंडी असो, इजा असो, विष असो, शरीराची प्रतिक्रिया एकाच साच्यातली असते. पुढे ‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांच्यामुळेच रुळला. 1965च्या ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल अहवालानं तर पाळीव जनावरांच्या भावनाही विचारात घ्या, असं सांगितलं.

आज घोड्याच्या लाळेत किंवा लिदीत कॉर्टिसोलचा माग काढता येतो. पण हे संप्रेरक सकाळी मुळातच जास्त असतं आणि पळाल्यावरही वाढतं. म्हणून एका आकड्यावर भागत नाही. हृदयाचे ठोके बघतात: शांत उभ्या मोठ्या घोड्याचे मिनिटाला साधारण 28 ते 44. 2014मध्ये वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्याची मोजपट्टीही तयार झाली: मागे वळून ताठरलेले कान, आवळलेले डोळे, ताणलेल्या नाकपुड्या.

आणि सगळ्यात साधी खूण? झोप. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. आणि आडवं व्हायला भरवसा लागतो. हा कळपातला प्राणी. अनोळखी जागी सोबती नसेल, तर कित्येक रात्री तो जमिनीला पाठच टेकत नाही.

नंदुरबारच्या सारंगखेड्याच्या बाजारात आजही दूरदूरच्या राज्यांतून ट्रकनं घोडे येतात. गेलात, तर चाल, रंग, किंमत सगळे विचारतील. तुम्ही एवढंच विचारा: इथे आल्यापासून हा नीट पाणी प्यायलाय का? रात्री आडवा झाला का? पाचशे वर्षांपूर्वी शेपटी मोजणाऱ्यांना हे दोन प्रश्न सुचले असते, तर कितीतरी घोडे किनाऱ्याला लागले असते.

भेटू पुढच्या भागात!