डायलचं कुलूप, कॉरोनरचा फोन आणि मुलीच्या मोबाइलमधलं ॲप

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले एक गृहस्थ मध्यंतरी रात्री साडेनऊला घरी आले. नाव सांगत नाही. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेज अंधेरीला, घरी यायला उशीर, फोन सतत हातात. कुणा मोबाइलवाल्याने त्यांना सांगितलं होतं, तिचा फोन दहा मिनिटं आणून द्या, असं ॲप टाकून देतो की मेसेज, कॉल, लोकेशन सगळं तुमच्या फोनवर दिसेल आणि तिला पत्ताही लागणार नाही. हे बेकायदा नाही ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी पेपरची कात्रणं ठेवतो हे बिल्डिंगभर माहीत आहे, म्हणून माझ्याकडे. खरं तर उत्तर ते घेऊनच आले होते. "काका, आता सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय ना, नवऱ्याने बायकोचं चोरून रेकॉर्डिंग केलं तरी चालतं. मग बापाने का नाही?"

त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही. कारण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्याच मुंबईत घडलाय.

आधी घरातला इतिहास सांगतो. मी घाटकोपरच्या पंतनगरमध्ये वाढलो. फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे तो काळ. बिल्डिंगमध्ये एखाद्याकडे फोन, बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर त्याच्या नंबरापुढे 'पी.पी.' लिहिलेलं. ज्यांच्याकडे फोन असायचा, त्यांच्याकडे डायलच्या भोकात घालायचं छोटंसं कुलूपही असायचं. किल्ली वडिलांच्या खिशात. पोरंही काही कमी नव्हती. रिसीव्हर ठेवायच्या बटणावर टिचक्या मारून नंबर फिरवता येतो हा शोध प्रत्येक घरात कुणीतरी लावायचंच. चारासाठी चार टिचक्या, शून्यासाठी दहा. जमायला हात बसावा लागायचा.

पुढे आमच्याकडे फोन आला आणि आतल्या खोलीत पॅरलल. एकदा ताई बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी बोलत होती आणि मी आतला रिसीव्हर उचलला. हेतू काय होता ते आज सांगायला लाज वाटते. पॅरलल उचलला की खट्ट आवाज व्हायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज किंचित बारीक व्हायचा. ताई बोलता बोलता थांबली आणि एवढंच म्हणाली, "ठेव खाली." मी ठेवला. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्यासमोर फोनवर फक्त "हो", "नाही", "बघते" एवढंच बोलायची.

तो खट्ट आवाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोर्टातला इतिहास. १९६४ साल. मुंबईत तेव्हा कॉरोनर असायचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालेला रुग्ण पुढे दुसऱ्या हॉस्पिटलात दगावला. कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे, चौकशीत त्रास नको असेल तर वीस हजार द्या, अशी मागणी केली. घासाघीस होऊन आकडा दहा हजारांवर आला. १९६४ चे दहा हजार! निरोपाचं काम दुसऱ्या एका डॉक्टरकडे होतं. प्रकरण लाचलुचपतवाल्यांकडे गेलं. ७ ऑक्टोबरला त्या मधल्या डॉक्टरने आपल्याच फोनवरून कॉरोनरना फोन लावला, शेजारी पोलीस अधिकारी बसलेले आणि फोनला टेपरेकॉर्डर जोडलेला.

मलकानींना शिक्षा झाली. ते सुप्रीम कोर्टात गेले. म्हणणं असं की हे चोरून ऐकणं आहे, १८८५ च्या तार कायद्याविरुद्ध आहे, माझ्या मूलभूत हक्कांवर घाला आहे. २२ सप्टेंबर १९७२ ला कोर्टाने अपील फेटाळलं. कारण दोन पायांवर उभं होतं. एक, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने, म्हणजे डॉक्टरने, स्वतःच्या मर्जीने टेप लावू दिली, तेव्हा हे मधल्या मधे चोरणं नव्हे. दोन, पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो खटल्याशी संबंधित आहे का आणि अस्सल आहे का, हे महत्त्वाचं. निरपराध नागरिकाच्या फोनला बेकायदा टॅपिंगपासून कोर्ट संरक्षण देईल, हेही त्यांनी नमूद केलं. त्याआधी १९६७ मध्येही मुंबईचाच एक खटला होता. महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ पाहणाऱ्याचं बोलणं पोलिसांनी माइक लपवून टेप केलं, आणि तेही ग्राह्य धरलं गेलं.

या दोन्ही प्रकरणांत टेप कुणाविरुद्ध चालली बघा. एकीकडे खुर्चीवर बसून पैसे मागणारा अधिकारी, दुसरीकडे कारकुनाला विकत घेऊ बघणारा माणूस. ज्याच्यावर दबाव येत होता, त्याच्या संमतीने टेप लागली होती. मला स्वतःला हे दोन्ही निकाल योग्य वाटतात.

सरकारच्या कानाचा इतिहास वेगळा आहे आणि तो तुम्हाला बराचसा ठाऊक असेल, म्हणून भराभर सांगतो. १९९६ मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगला चाकोरी घालून दिली: आदेश गृहसचिवाच्या पातळीवर, लेखी कारणं, वर आढावा समिती. पुढे नियमांत मुदत आली, एका आदेशाला साठ दिवस आणि एकूण फार तर १८०. आपल्या मकोका कायद्यातली टॅपिंगची कलमं मुंबई हायकोर्टाने २००३ मध्ये रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये ती परत आणली. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानेच लाचेच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचे टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. आणि चाकोरी असूनही काय होऊ शकतं याचा आरोप आपण पाहिला. नाना पटोलेंचा नंबर 'अमजद खान' या नावाने टॅपिंगला लावला होता, असं विधानसभेत गाजलं. रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात आणि कुलाब्यात गुन्हे दाखल झाले, सप्टेंबर २०२३ मध्ये हायकोर्टाने ते रद्द केले, जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. यावर ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे मत बनवलेलंच आहे, कमेंटमध्ये भांडू नका. माझा मुद्दा एवढाच की सरकारला ऐकायचं तर निदान कागद करावा लागतो, आणि त्या कागदावरून नंतर कुणीतरी जाब विचारू शकतं.

घरातल्या माणसाला कागद लागत नाही. आपल्या शेजारच्या ठाण्यात २०१८ च्या सुरुवातीला पोलिसांनी एक प्रकरण बाहेर काढलं. खासगी गुप्तहेर लोकांचे सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी किती वेळ फोन केला याची यादी, पैसे घेऊन विकत असल्याचा आरोप होता. ही यादी कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यालाच मागवता येते. अटक झालेल्यांत नावाजलेले गुप्तहेर होते, आणि ज्यांची यादी मिळवल्याचा आरोप झाला त्यांत एका सिनेनटाची पत्नीही होती. अशा यादीला गिऱ्हाईक कोण असणार? बायकोवर संशय असलेला नवरा, नवऱ्यावर संशय असलेली बायको, लग्न ठरवायला निघालेले आईबाप. सगळी आपल्यातलीच माणसं.

ॲपने या सगळ्याची गरजच संपवली. गुप्तहेर नको, यादी मिळवून देणारा नको. फोन आणि पासवर्ड दहा मिनिटं हाताशी आला की झालं.

आता आमच्या गृहस्थांच्या सुप्रीम कोर्टाबद्दल. १४ जुलै २०२५ चा तो निकाल, विभोर गर्ग खटला. मथळा वाचून अनेकांना वाटलं की घरात पाळत ठेवायला परवानगी मिळाली. तसं नाही. त्या नवऱ्याने रेकॉर्ड केलं होतं ते बायकोचं त्याच्या स्वतःशी झालेलं बोलणं. म्हणजे पुन्हा मलकानीच: दोघांपैकी एकाची संमती, ती त्याची स्वतःची. घटस्फोटाच्या दाव्यात हा पुरावा बघता येईल, एवढाच प्रश्न होता आणि कोर्टाने हो म्हटलं. न्या. नागरत्ना यांनी असंही म्हटलं की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे. मला हे अर्धंच पटतं. पाळतीनेही नातं मोडतं, आधी मोडलेलं असायलाच हवं असं नाही.

आपल्या मुलीचं तिच्या मैत्रिणीशी चाललेलं बोलणं बापाने ऐकायचं, तेव्हा संमती कुणाची? मुलीची नाही, मैत्रिणीचीही नाही. मलकानीचा पहिला पाय इथे मोडतो. उरतो दुसरा, आणि तोच फसवा आहे. बेकायदा मिळवलेला पुरावाही कधीकधी कोर्ट बघतं, पण म्हणून तो मिळवणं कायदेशीर ठरत नाही. पुरावा आत आणि मिळवणाऱ्यावर गुन्हा, असंही होऊ शकतं. मालकाच्या परवानगीशिवाय फोनमधला डेटा काढणं आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत येतं. बाई इंटरनेट, ईमेल वापरते त्यावर पुरुषाने पाळत ठेवणं २०१३ पासून गुन्हा आहे, तेव्हा ३५४-ड, आता न्याय संहितेचं ७८. त्यात नवरा, बाप अशी सूट नावाने लिहिलेली नाही. 'परिस्थितीनुसार वाजवी' असेल तर सूट आहे, आणि त्या एका शब्दावर वकील दोन तास बोलतील.

लहान मुलांचं वेगळं, हे मान्य. नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या फोनवर वेळेची मर्यादा, साइट बंद करणं, लोकेशन दिसणं, हे मी तरी डायलच्या कुलपासारखंच धरतो. कुलूप दिसतं. पोराला माहीत असतं की ते आहे, तो चिडतो, टिचक्या मारायला शिकतो. दुकानदाराने गृहस्थांना जे ॲप सांगितलं त्याचा सगळा भाव 'तिला कळणार नाही' यालाच होता. खट्ट आवाज काढून टाकलेला पॅरलल फोन.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. ही माहिती आधी ॲपवाल्या कंपनीकडे जाते, मग बापाकडे. एमस्पाय या यातल्या मोठ्या ॲपचा डेटा २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उघड्यावर पडला. अमेरिकेत २०२१ मध्ये स्पायफोन या ॲपवर तिथल्या व्यापार आयोगाने बंदी आणली. मुलीची काळजी म्हणून तिचे फोटो, मेसेज आणि रोजचा अंधेरी-मुलुंड रस्ता आपण कुठल्या परक्याच्या हातात देतोय, याचा विचार त्या दहा मिनिटांत कुणी करत नाही.

दोन दिवसांनी ते गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. यातलं जमेल तेवढं सांगितलं. म्हटलं, रात्री घाटकोपरला मेट्रोतून उतरलीस की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठव, असं तिलाच सांगा. घरी पोचली की ती बंद करेल. ते म्हणाले, "आणि ती नाही म्हणाली तर?"

मी म्हटलं, मग ती का नाही म्हणते ते विचारा. त्यांना ते उत्तर आवडलं नाही. त्यांचा मजला आला, ते उतरले. मोबाइलवाल्याकडे पुढे गेले की नाही ते मी विचारलेलं नाही. मुलगी मात्र रोज जाता-येता दिसते, कानाला फोन लावलेला, हसत असते.