रेडकाविना पान्हा

गाई-म्हशींना संप्रेरक टोचून दूध काढण्याची प्रथा आधुनिक औषधनिर्मितीतून जन्मली असे सामान्यतः मानले जात असले, तरी तिचे मूळ औषधापेक्षा शहरी तबेल्याच्या अर्थव्यवहारात अधिक आहे. कासेत साठलेले सगळे दूध नुसते सड पिळून हाती येत नाही. त्याचा बराचसा भाग सूक्ष्म दुग्धकोशांत अडकलेला असतो आणि जनावर पान्हवले तरच तो खाली उतरतो. म्हणूनच खेड्यातला गवळी आधी वासरू सोडतो, त्याला ढुशा देत चार घोट पिऊ देतो आणि मग ते बाजूला बांधून धार काढायला बसतो. कोलकाता, मुंबई यांसारख्या वाढत्या शहरांत दुरून आणलेल्या दुभत्या जनावरांचे तबेले उभे राहिले, तेव्हा हा क्रम मोडला. रेडकाच्या पोटात जाणारे दूध विकले तर पैसा होता आणि रेडकू पोसणे परवडत नव्हते. ते उपासमारीने मरे किंवा कसायाकडे जाई, आणि मागे राहिलेली म्हैस पान्हा चोरू लागे.

यावरचा तबेल्यातला उपाय म्हणजे ‘फुंका’, अर्थात जनावराच्या योनिमार्गात नळीने जोराने हवा फुंकणे. ही क्लृप्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने शक लोकांविषयी लिहिताना, एक जण हाडाच्या नळीने घोडीच्या योनीत हवा फुंकतो आणि दुसरा धार काढतो, असे वर्णन केले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात 1890 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुंका हा गुन्हा ठरला, पण प्रथा थांबली नाही. या क्रौर्याची माहिती हे गांधीजींच्या दुग्धत्यागामागचे एक महत्त्वाचे कारण होते. 1912 मध्ये सोडलेले दूध त्यांनी पुढे गंभीर आजारपणानंतर पुन्हा घेतले ते शेळीचे, आणि तेही कस्तुरबांनी सुचवल्यावरून. आपले व्रत गाई-म्हशींच्या दुधापुरते होते, ही पळवाट त्यांना अखेरपर्यंत सलत राहिली.

फुंक्याने दूध का उतरते, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागाच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवले, आणि 1910 मध्ये ऑट व स्कॉट यांनी त्याच अर्काने शेळीला पान्हा फुटतो हे सिद्ध केले. त्यातील संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. सडांना किंवा योनिमार्गाला उत्तेजना मिळाली की ते रक्तात येते, दुग्धकोशांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध नलिकांत ढकलले जाते. ते मुख्यतः साठलेले दूध मोकळे करते, त्यामुळे ‘दूध वाढवणारे इंजेक्शन’ हे त्याचे प्रचलित वर्णन दिशाभूल करणारे आहे. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत घडवला, त्यासाठी त्यांना 1955 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि कालांतराने त्याची स्वस्त कुपी तबेल्यात पोचली. रेडकाची उणीव आधी नळीने भरून काढली जात होती, ती आता सुईने भरली जाऊ लागली; म्हशीच्या वाट्याला मात्र दिवसातून दोनदा टोचणी आली, आणि सवय लागली की सुईवाचून ती धारच देईना.

1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातील बाराव्या कलमात 1982 च्या दुरुस्तीने फुंक्याबरोबर कोणताही पदार्थ टोचण्याचाही समावेश झाला. 2018 मध्ये केंद्र सरकारने पुढे जाऊन देशांतर्गत वापरासाठीचे ऑक्सिटोसिन केवळ सरकारी कंपन्यांनीच बनवावे असा आदेश काढला. परंतु बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून स्त्रियांचे प्राण वाचवणारे औषधही हेच असल्याने त्याच्या तुटवड्याचा धोका मोठा होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.